ओट्यापासून ओट्यापर्यंत

आये, आज डॉक्टरांनी विचारलं, काठी सोडून आता वॉकर घ्यायचा का? आणि मला वर्सोव्याच्या बाजारातली तुझी चाल आठवली. तुला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हा माझे पाय धड होते. आता नसांच्या दुखण्याने ते दर महिन्याला थोडे थोडे परके होत चाललेत.

बाजाराच्या तोंडाशी तू काठी टेकतेस. बर्फाच्या पाण्याने फरशी ओली आहे. पहिल्या ओट्यावरची कोळीण हात पुढे करते, तू तो धरतेस, मग दुसरीचा, मग तिसरीचा. अशी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात तू आठव्या ओट्यावर आपल्या जागी पोचतेस. “काय गो, आज कोलंबीसारखी वाकडी चाललीस!” कुणीतरी ओरडतं. “वाकडी असले तरी ताजी हाय!” तू म्हणतेस, आणि सगळ्याजणी हसतात. मी तुझा डबा घेऊन मागून येते. केवढा मान आहे माझ्या आईला, असं मला वाटतं. त्याच आठवड्यात तुझ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, काठी पुरते का, की वॉकर घ्यायचा? “दोन्ही हात दांड्यांना दिले तर गिऱ्हाइकाला मासळी काय तोंडाने देऊ?” तू म्हणालीस. मी हसून म्हणाले, पुरते की, बाजारात सगळ्यांशी बोलत बोलत जाते. मी शिकलेली, म्हणून त्यांनी माझं ऐकलं. शिमग्याला बाजार बंद असताना तू विसरलेली कोयती आणायला एकटीच गेलीस. ओट्यांवर कुणी नव्हतं. दुसऱ्या ओट्यापाशी पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, ती पुन्हा उठलीच नाहीस. नंतर त्या बायका रडत मला म्हणाल्या, “सगळा भार आमच्या हातावर टाकायची गो. आम्हाला वाटलं, तुला ठाऊक हाय.” मला खरंच ठाऊक नव्हतं, की मी बघायचं टाळलं? अजून ठरवता येत नाही.

आता अंधेरीच्या ऑफिसात मी तेच करते. कपाटं, खुर्च्यांच्या पाठी, दाराची चौकट. कॅन्टीनला जाणं सोडलं, कारण मधल्या मोकळ्या जागेत धरायला काही नाही. शेजारच्या टेबलावरची विचारते, “डाएट चालू आहे का गं? झकास!” मी हो म्हणते. वॉकर दिसला की आधी माझं काम काढून घेतील, मग मला घरी बसवतील, आणि घरी माझ्याशिवाय कुणी नाही. सकाळी माझ्याआधी ही भीती उठते. काठी कधी सोडायची ते तुझ्या पडण्याने मला स्वच्छ दाखवलंय, तरी माझ्याने होत नाही. मी काय करू, आये?

डॉक्टरांनी शेवटी विचारलं, “गेल्या महिन्यात पडलात का कधी?” मी नाही म्हटलं. “मग अजून तीन महिने काठीवर बघू,” ते म्हणाले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तीनदा पडलेय. एकदा बाथरूममध्ये तासभर उठताच आलं नाही. हे वाचायला तू नाहीस, म्हणून तर इतकं खरं लिहितेय. दवाखान्याचा नंबर समोर काढून ठेवलाय. अजून लावलेला नाही.