न दिलेला शेजार

वेन्नरलो, ता. ३ ऑक्टोबर १९७७

चि. आलेइदा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. बटाटे निघाले, बीट अजून जमिनीत आहे. डीनाचा गुडघा कुरकुरतो, पण ती नाही कुरकुरत. तिच्याकडून हे एक शिकण्यासारखं आहे, तू शिकली नाहीस.

शनिवारी दुपारी आईच्या घरासमोर सामानाची गाडी येऊन थांबली. मला वाटलं, रस्ता चुकली असेल. खाली उतरला एक सत्तरीचा म्हातारा, डोक्यावर खलाशाची टोपी, हातात तुझी सही असलेला कागद. लेंडर्ट पोल्डरमान म्हणे. रॉटरडॅमचा. चाळीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता आणि आता शांतता हवी म्हणून इथे आला. ही शांतता आम्ही राखलेली आहे, ती भाड्याने द्यायची होती तर निदान एक ओळ लिहायची होतीस. माझ्या अंगणापासून साठ पावलांवर कोण झोपतं, उठतं, हे मला गाडीवाल्याकडून कळावं?

ते घर पाडून तिथे डुकरांचा गोठा बांधायचा, हे तुला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तू हो म्हणाली नव्हतीस, पण नाहीही म्हणाली नव्हतीस. त्या माणसाला परत बोलाव. हिवाळ्याआधी झालं तर बरं.

लाम्बेर्टला नमस्कार सांग. धाकटी म्हणून लोभ आहे, तो टिकवणं तुझ्या हाती.
तुझा,
हार्मेन

•

हार्लेम, ता. ११ ऑक्टोबर १९७७

ती. हार्मेनदादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लाम्बेर्टला तुझा नमस्कार सांगितला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा तिसरा. त्याने कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे.

तुला शेत मिळालं, गुरं मिळाली, मोठं घर मिळालं, चर्चमधलं वडिलांचं बाकदेखील मिळालं. मला आईने आपलं म्हातारपणाचं घर दिलं. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि गळकं छप्पर. ते छप्पर मी शाकारून घेतलं तेव्हा तू गवत शाकारणाऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस, हे त्यानेच मला सांगितलं. तेव्हा त्या घरात कोण राहील हे डुकरांना विचारून ठरवायचं कारण मला दिसत नाही.

पोल्डरमान चांगला माणूस आहे. त्याने घर बघायला आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर चूल पुसली. त्याने न विचारताच मी सांगितलं, की शेजारी माझा भाऊ राहतो आणि तो बोलायला जरा कडू आहे. तो म्हणाला, जहाजावर कप्तान सगळे कडूच असतात, जेवणाच्या वेळेला गोड होतात. मी त्याला सावध करायला हवं होतं, की तू जेवणाच्या वेळेलाही होत नाहीस.

डीनावहिनींना गुडघ्याला लावायचं मलम वेगळं पाठवते आहे. ते त्यांना दे, फडताळात ठेवू नकोस.
जेवढा लोभ शिल्लक असेल तेवढा असू द्यावा.
आलेइदा

•

वेन्नरलो, ता. २१ नोव्हेंबर १९७७

चि. आलेइदा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या चांगल्या माणसाचे प्रताप ऐक. समोरच्या दारातून ये-जा करतो, जे दार आपल्याकडे लग्नाला नाहीतर मयताला उघडतं. रविवारी, लोक चर्चला चाललेले असताना, दोरीवर चड्ड्या वाळत घालतो. आणि मासे तळतो. माझ्या गाईंनाही आता समुद्राची सवय झाली असेल.

गेल्या आठवड्यात त्याने शेजार मागितला. कोणी तरी त्याला सांगितलं असणार, की इथे नव्याने आलेला माणूस जवळच्या घरांना बोलावतो, कॉफी आणि घोटभर दारू पाजतो, आणि ते आले की शेजार जुळला. मग आजारात बघायचं, बर्फ काढायचा, मेला तर खांदा द्यायचा, सगळं आलं. घरोघर जाऊन टोपी काढून बोलावणं करून आला. माझ्याकडेही आला. मी सांगितलं, बघू.

कोणी गेलं नाही. मी कोणाला अडवलं नाही. मी एवढंच म्हणालो, की मी जाणार नाही. लोक समजूतदार आहेत.

तेव्हा त्याला शेजार दिलेला नाही. शेजाराशिवाय इथे कोणी दोन हिवाळे काढले नाहीत. तू शहरातली झालीस, विसरली असशील, म्हणून आठवण दिली.

मलम पोचलं. डीना म्हणते, वास फार येतो.
लोभ तुझ्या बाजूने असेल तर कळव.
हार्मेन

•

वेन्नरलो, ता. १७ फेब्रुवारी १९७८

प्रिय आलेइदा हिस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी टपालपेटीत स्वतः टाकते आहे. यांना ठाऊक नाही. ठाऊक झालं तरी आता काही वाटणार नाही.

पोल्डरमान इस्पितळात आहेत. मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचं भांडं काढताना खुर्चीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मी बुधवारी दुपारी दोन वाजता तिथे गेले. म्हणजे बघ, एक अख्खा दिवस आणि वर आणखी चार-पाच तास माणूस त्या फरशीवर होता. बाहेर पाणी गोठत होतं, चूल विझलेली. टेबलावरचं कापड ओढून त्यांनी अंगावर घेतलं होतं. मला बघून म्हणाले, बाई, माफ करा, मला उठता येत नाही. माफी त्यांनी मागितली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. मंगळवारी जेवताना हे स्वतः म्हणाले, समोरचे पडदे अजून बंद आहेत. आपल्याकडे सकाळी पडदे उघडले नाहीत म्हणजे घरात काहीतरी विपरीत घडलं, हे मी तुला सांगायला नको. मी म्हणाले, बघून येते. हे म्हणाले, शहरी माणूस आहे, दुपारपर्यंत लोळतो, आणि तू कोण लागतेस त्याची. मी बसून राहिले. आलेइदा, मी बसून राहिले, भांडी घासली, मोजे रफू केले. बुधवारी सकाळी पडदे तसेच. हे ट्रॅक्टर घेऊन शेणखत टाकायला गेले. खालच्या शेताची वाट त्या खिडकीखालूनच जाते. दुपारी मी वाढलेलं ताट तसंच ठेवून घरातल्या चपलासुद्धा न बदलता धावले. गुडघा दुखल्याचं आठवत नाही.

आणखी एक. नोव्हेंबरात त्यांनी शेजार मागितला त्या दुपारी मी आमच्या खिडकीत होते. त्यांनी टेबलावर अकरा कप मांडले होते, मधे ब्रँडीतल्या मनुकांची बरणी. पाच वाजता एकेक कप उचलून परत फळीवर ठेवताना मी त्यांना पाहिलं. मी तेव्हाही गेले नाही. हे यांच्यावर ढकलता येत नाही.

तुझ्या भाडेकऱ्याची अशी खबर देताना लाज वाटते. माया कमी करू नकोस.
तुझी,
डीना

•

हार्लेम, ता. २० फेब्रुवारी १९७८

हार्मेन,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

मी काल इस्पितळात जाऊन आले. पोल्डरमानने तुझ्याविषयी एक वाईट शब्द काढला नाही. नर्स म्हणाली, आणखी एक रात्र गेली असती तर आम्हाला बोलवायचं कामच उरलं नसतं.

तुला तो नको होता. मला चार शिव्या द्यायच्यास, कोर्टात जायचंस, त्याच्या दारात शेणखत ओतायचंस. पण आपल्या आईच्या स्वयंपाकघरात माणूस पडून आहे, पडदे बंद आहेत हे तुला दिसलं, तुझ्या तोंडून निघालं, आणि तू दुसरी वाढ घेतलीस. हे कसं केलंस ते मला लिही. मला खरंच समजून घ्यायचं आहे.
आलेइदा

•

वेन्नरलो, ता. २७ फेब्रुवारी १९७८

आलेइदा,

तू विचारलंस, लिहितो. शेजार असेल तिथे शेजारधर्म. मी दिला नव्हता, तेव्हा मी मोडलाही नाही. माणूस आत पडला आहे हे मला भिंतीतून कसं दिसणार? तुझी वहिनी हळवी आहे, तिला वाढवून सांगायची सवय लागली आहे. वडील असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

गावात कोणी मला काही बोललेलं नाही. बेकरीत जरा गप्प होतात, एवढंच.

आता घर मोकळं झालंच आहे, तर गोठ्याचं पुन्हा बोलू. उन्हाळ्याच्या आत पाया घालता येईल.
हार्मेन

•

वेन्नरलो, ता. ३० मार्च १९७८

प्रिय आलेइदा हिस,
स. न. वि. वि.

पोल्डरमान परत येणार नाहीत. त्यांची भाची स्खीडामला असते, तिने त्यांना आपल्याकडे नेलं. मी दोनदा बसने जाऊन भेटून आले. कुबडीवर चालतात, आणि भाचीच्या सुपात मीठ कमी असतं म्हणून तक्रार करतात, म्हणजे बरे आहेत. तुझं घर त्यांनी मला आवरून ठेवायला सांगितलं. मी आवरलं. फरशी तीनदा पुसली.

आता माझं मागणं. ते घर मला भाड्याने दे. ते देत होते तेवढंच भाडं देईन. अंड्यांचे पैसे पहिल्यापासून माझे आहेत आणि माझ्या आईकडून थोडं आलेलं आहे. मला दया नको, कागद हवा, सहीचा. एक वर्षाचा.

यांच्याशी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांना विचारलं, की उद्या मी अंगणात पडले आणि त्याआधी आपला अबोला असला, तर तुम्ही याल का. ते म्हणाले, काहीतरीच विचारतेस. मी म्हणाले, हो की नाही ते सांगा. ते उठून गोठ्यात गेले. एकतीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले आणि मला याचं उत्तर ठाऊक नाही, असं त्या दिवशी कळलं.

लांब जायचं नाही मला. कोंबड्या इथे आहेत. साठ पावलं पुरतील.

नाही म्हणालीस तरी मी तुझी तशीच राहीन.
डीना

•

वेन्नरलो, ता. २४ एप्रिल १९७८

आलेइदा,

हे तू काय चालवलं आहेस? माझ्या बायकोला माझ्याच दारासमोर घर भाड्याने दिलंस. सोमवारी तिने आपली पेटी, शिवणयंत्र आणि दोन खुर्च्या ढकलगाडीवर घालून नेल्या. मी विचारलं, हे काय, तर म्हणाली, माझं आलेइदाशी ठरलं आहे. तुझ्या सहीचा कागद दाखवला. मला. माझ्या अंगणात.

गावाला हसायला दुसरं काही उरलेलं नाही. पाद्रीबाबा दोनदा येऊन गेले. तिने त्यांना कॉफी पाजली, एक बिस्कीट दिलं, आणि बोलायचं असेल तर समोरच्या घरात जा म्हणून इकडे पाठवलं. माझ्यासमोर बसून ते हवामानावर बोलले. दूधवाला आता तिच्याकडे एक बाटली ठेवतो आणि माझ्याकडे एक. बटाटे करपतात, ते का करपतात ते कळत नाही.

तू पहिल्यापासून हेच करायला टपली होतीस. वडिलांनी तुला घराबाहेर काढलं त्याचा सूड सव्वीस वर्षांनी माझ्या घरातून घेतलास. आता पुरे. कागद रद्द कर आणि तिला घर रिकामं करायला सांग. मालकीण तू आहेस, तुझं ती ऐकेल.

तुझा मोठा भाऊ म्हणून सांगतो आहे.
हार्मेन

•

हार्लेम, ता. २ मे १९७८

हार्मेन,

घर रिकामं करायला मी सांगणार नाही. वहिनी वेळेवर भाडं देतात आणि रविवारी चड्ड्या वाळत घालत नाहीत. कुठल्या कारणाने काढू?

सुडाचं म्हणशील तर सांगते. वडिलांनी मला काढलं, कारण आपण प्रोटेस्टंट आणि लाम्बेर्ट कॅथलिक. त्यांच्यावर माझा राग होता, तो त्यांच्याबरोबर गेला. तुझ्यावरचा राहिला. त्या सकाळी वडील दारात उभे होते, आई चुलीपाशी रडत होती, आणि तू माझी बॅग उचललीस. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तू बॅग घेऊन बसच्या थांब्यापर्यंत पुढे चालत गेलास, खाली ठेवलीस, आणि म्हणालास, बस दहा मिनिटांनी आहे. मग परत गेलास, कारण दूध काढायचं होतं.

वाईट वागला नाहीस. बॅग जड होती, तू वाहिलीस. एवढी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की तो काही वाईट वागला नाही.

आता तू मला वहिनीची बॅग वाहायला सांगतो आहेस. मी ती उचलणार नाही.
आलेइदा

•

वेन्नरलो, ता. २८ मे १९७८

चि. आलेइदा हिस,
आशीर्वाद लिहावा की नाही, ते ठरत नाही. वि. वि.

डीनाला घर सोडायला सांग असं लिहिलेलं माझं पत्र फाडून टाक. ती राहू दे. वर्ष संपल्यावर पुढचा कागद करायचा असला तरी करा.

बसच्या थांब्याचं तू लिहिलंस ते तसंच झालं. मला बोलायचं होतं असं आता म्हणणं सोपं आहे. मी म्हणत नाही.

गुरुवारी मी स्खीडामला गेलो होतो. डीनाला सांगितलं नव्हतं. गाडी दोनदा बदलावी लागली, भाचीचं घर सापडायला तासभर गेला. मला कल्पना नव्हती, असं त्या माणसाला सांगायचं ठरवून गेलो होतो. वाटेत ते वाक्य पाठ केलं होतं.

तो खिडकीशी मटार सोलत बसला होता. मला ओळखलं. बसा म्हणाला. भाचीने कॉफी आणली. मी टोपी हातात धरून बसलो आणि पाठ केलेलं वाक्य काढणार, तोच तो आपणहून बोलायला लागला. रागाने नाही, एखाद्या बंदराची हकीकत सांगावी तसा. म्हणाला, फरशीवरून खिडकी दिसत नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं. तुमचा ट्रॅक्टर चार वेळा गेला. तुमचाच, हे आवाजावरून कळायचं, त्याच्या इंजिनाचं एक नळकांडं चुकतं, ते बघून घ्या. प्रत्येक वेळी मी हाक मारली.

मग मटाराच्या दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाला, पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं.

माझं वाक्य मी बोललो नाही. कॉफी संपवली, आणि परत आलो.

संध्याकाळी डीनाच्या दाराशी जाऊन हे सगळं सांगितलं, उभ्यानेच. तिने ऐकून घेतलं. विचारलं, मग उरलेल्या तीन वेळांचं काय म्हणाले ते. मी म्हणालो, मी विचारलं नाही. तिने दार लावून घेतलं.

लोभ मागायचं या खेपेला धाडस होत नाही. लाम्बेर्टला नमस्कार.
तुझा,
हार्मेन