काळीज वर्ज्य असलेल्या कविता

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून (संधिवात परवानगी देईल तेवढाच वाकून) नमस्कार. तुझी कंबर कशी आहे, भावोजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे, ते सविस्तर कळव. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे तुझी भावजय ठीक आहे आणि मी कविता करतो.

हसू नकोस. हा उद्योग डॉक्टरांनी लावून दिला. चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवताना माझी बोटं ऐकेनाशी झाली, तेव्हा दुकानाच्या मालकांनी मला गल्ल्यावर बसवलं आणि डॉक्टर म्हणाले, रोज दुखण्यावर चार ओळी लिहीत जा, मन हलकं होईल. झालंही. पहिल्या कवितेत मी ढोपराचं दुःख मांडलं (ते खरोखरच दुखत होतं), पण यमक अडलं, म्हणून कोपर घेतलं. कोपराची तोवर काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी ते असं सुजलं की सदऱ्याची बाही चढेना. म्हटलं, योगायोग. मग मानेवर लिहिलं, मान धरली. घोट्यावर लिहायला घेतलं, तर ओळ पुरी होण्याआधीच चपलेचा पट्टा काचायला लागला.

डॉक्टर म्हणतात, शरीराला आधी कळतं, कवीला नंतर. आता ते मला तपासतच नाहीत. ताजी कविता मागतात आणि तिच्यावरून गोळ्या लिहून देतात. (गोळ्या लागू पडतात, हे त्याहून वाईट.)

लिहिणं बंद करूनही पाहिलं. तर गिऱ्हाइकाची पावती फाडताना हात आपला आपण ओळ लिहून मोकळा होतो, आणि ती मला गिऱ्हाइकानं वाचून दाखवल्यावर कळते. परवा एक बाई नवा चष्मा लावून पावती वाचायला लागल्या आणि वाचता वाचता माझ्या खांद्याकडे बघायला लागल्या. त्या गेल्या आणि खांदा आखडला.

म्हणून तुझ्या भावजयीनं नियम केले. डोळे नकोत, फुप्फुसं नकोत, काळीज तर मुळीच नको. कवीला काळीज वर्ज्य म्हणजे स्वयंपाक्याला मीठ वर्ज्य, असं मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "नखांवर लिहा, केसांवर लिहा. केस तसेही जातच आहेत."

पण कालपासून एक कविता येते आहे, आणि तिला नियम माहीत नाहीत.

भर दुपारी निवांत घरी
हाडांमधुनी कोण फिरते?
दारोदारी थाप मारते –

चौथी ओळ 'शिरते'वर संपणार हे शेंबडं पोरही सांगेल. कुठे शिरते, ते मला ऐकू येतं आहे, आणि मी ते लिहीत नाही. हात मांडीखाली दाबून बसतो. ताई, मला भीती वाटते.

तुझा
धाकटा

ता. क. ख्यालीखुशालीचं सगळं निमित्त. खरं काम हे की चौथी ओळ तू लिहून पाठव. नख, केस, काहीही घाल, पण परतटपाली पाठव.

आणखी एक ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, ते तुझ्या भावजयीनं वाचलं. आधीच कंबर धरून बसलेल्या ताईंना असल्या कामाला लावतात का, म्हणून मला झापलं, आणि चौथी ओळ स्वतःच लिहून टाकली: 'माझ्या गुडघ्यात येऊन शिरते.' मी म्हटलं, हे काय केलंस? म्हणाली, "वृत्तात बसत होतं."

सकाळपासून ती कठडा धरून जिना उतरते आहे. पाय मुरगळला म्हणते. माझी बोटं मात्र सुटी झाली आहेत, हे अक्षर बघून तुला कळलंच असेल. ओळ पाठवू नकोस, तूच ये. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. आत्ता ती आतल्या खोलीत दार लावून बसली आहे आणि दाराआडून विचारते आहे, मनगटाला यमक काय. मी सांगत नाहीये.