त्यांनी खरा आकडा मागितला

९ जानेवारी

तूस! सगळे तूस जाळतात म्हणे!

ढाक्याच्या हॉटेलात हँबर्गच्या कपड्यांच्या कंपनीची बैठक होती. माल पुरवणारे आम्ही सगळे कारखानेवाले ओळीने बसलेलो. कंपनीची अनिका एकेकाला विचारत होती — बॉयलरमध्ये काय जाळता? प्रत्येकाचं उत्तर एकच. भाताचं तूस. कारण तूस पिकातून येतं, म्हणून त्याचा कार्बन शून्य धरतात. एवढं तूस निघायला अख्ख्या देशाने वर्षातून दहा वेळा भात लावायला हवा.

खालपारचा, म्हणजे आमच्या कालव्यापलीकडच्या कारखान्याचा मालक मासूद तर छातीवर हात ठेवून म्हणाला, “मॅडम, आमचा धूरसुद्धा पांढरा!” त्याच्या भिंतीवर हात फिरवा, तळवा काळा होतो.

आमच्या कारखान्यात धुराचा हिशेब माझ्याकडे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “अजून मोजतेय.” भित्री कुठली!

लिफ्टमध्ये अनिका एकटीच भेटली. म्हणाली, “मला माहितीये, हे खोटं बोलतायत. एक जण तरी खरं बोलला, तर त्याचं बोट धरून पुढे जाता येईल. नवीन बॉयलरला आम्ही मदत करू.”

१४ जानेवारी

घरी भापा पिठे, तांदळाचे वाफवलेले. भाबीने नारळ सढळ हाताने घातला होता. हेलालभाईची जीभ मात्र नेहमीसारखीच. माझा थोरला भाऊ, आमच्याच कारखान्यात रंगखान्याचा सुपरवायझर.

“काय मुनी, आज किती धूर मोजलास? पोत्यात भरून आणायचास, भाबीला चुलीला झाला असता!”

मी म्हटलं, शिलाईखात्यातलं कातरण पॉलिएस्टरसकट बॉयलरमध्ये जातं, ते मी लिहिणार आहे.

त्याचं हसू गेलं. “गॅसला दाब नसतो, तेव्हा वाफ कशावर करायची? तुझ्या पदवीवर?”

“म्हणून तर लिहायचं! लिहिलं तर मदत मिळेल.”

“गोऱ्या बाईने एकदा गोड बोलून घेतलं, की तू विरघळलीस.”

भाबी म्हणाली, “खाताना धूर नको.”

२७ जानेवारी

तोफैल साहेबांपुढे तासभर बसले. मालक वाईट नाहीत. घाबरट आहेत — एका गिऱ्हाइकाच्या जिवावर कारखाना चालवणारा माणूस असतो तसे.

“मुनीरा आपा, तुमची खात्री आहे?”

आहे, म्हटलं. वाया जाणारी वाफ परत फिरवायची, छपरावर सौर पट्ट्या, एक चांगला बॉयलर — तीन वर्षांत धूर निम्म्यावर येईल. पण आज किती आहे ते कबूल केल्याशिवाय निम्मं कशाचं करणार?

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “मासूद हसेल.”

“हसू दे.”

“बरं. पाठवा. पण आपा — हा शब्द तुमचा.”

३ फेब्रुवारी

पाठवलं. कातरण, डिझेल, गॅस, सगळं. जीव हलका झाला!

२० फेब्रुवारी

अनिकाचं उत्तर. “पहिला प्रामाणिक आकडा.” तोफैल साहेबांनी अख्ख्या ऑफिसला मिठाई वाटली. हेलालभाईने दोन रसगुल्ले खाल्ले आणि म्हणाला, “चल, हरलो. तुझी गोरी बाई खरी निघाली.”

आज पहिल्यांदा वाटलं, शिकले ते कामाला आलं.

१८ मार्च

रोजे चालू आहेत. नवीन बॉयलरचं विचारलं होतं. उत्तर आलं — विषय वर गेलाय. वर म्हणजे कुठे?

९ एप्रिल

ईदची सुट्टी संपवून लोक गावाहून परतले, कुणी कोंबड्या घेऊन, कुणी पोरं घेऊन. आणि आज हे.

ऑर्डर नाही. पुढच्या हंगामाची एकही नाही. कंपनीने ‘जास्त उत्सर्जनाचे पुरवठादार’ कमी करायचं ठरवलंय. सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर आमचाच सर्वांत मोठा. बाकीच्यांचं तूस!

अनिकाला पाच वेळा फोन केला. उचलला तेव्हा म्हणाली, “माझ्या हातात नाही, मुनीरा. मी तुमच्यासाठी भांडले.”

“बॉयलर देणार होता ना?”

“कारखाना यादीत असता, तर दिला असता.”

तोफैल साहेबांनी कंपनीचं पत्र घडी करून खिशात घातलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ मे

रंगखाना बंद. शिलाईच्या निम्म्या ओळी बंद. फाटकाशी बायका बसल्या होत्या. कोहिनूर — कॉलर शिवणारी, माझ्याहून लहान, पोटुशी — मला बघून उठली. वाटलं, थुंकेल.

म्हणाली, “आपा, तुम्ही शिकलेल्या. हे कुणामुळे झालं, तुम्हाला तरी कळलंय का?”

मी म्हटलं, बाहेरची मंदी आहे. तोंडातून निघून गेलं. माझं पहिलं खोटं, आणि तेही तिला!

११ मे

हेलालभाई घरी बसून आहे. टोमणे मारत नाही. तेच सहन होत नाही.

२९ मे

आमची ऑर्डर गेली कुठे, ते कळलं. कालव्यापलीकडे. मासूदकडे! तेच टी-शर्ट, तोच निळा रंग. तेवढी वाफ करायला त्याने आणखी एक जुना बॉयलर लावलाय. आणि आमच्या शिलाईचं उरलंसुरलं कातरण ट्रक भरून त्याने विकत घेतलं, तेही जाळायला.

हेलालभाई तिथे लागला. रंग त्यालाच जमतो. संध्याकाळी आला तेव्हा नाकपुड्या काळ्या होत्या. भाबीने गरम पाणी काढलं.

मी एवढंच विचारलं, “पांढरा असतो का रे धूर?”

तो म्हणाला, “गप्प बस, मुनी.”

१९ जून

हँबर्गचा वार्षिक अहवाल बाहेर आला. बांगलादेशातलं उत्सर्जन घटलं! शाबासकीचे दोन परिच्छेद.

ती घट आम्ही आहोत. आमचं बंद पडलेलं फाटक. कोहिनूर. आभाळात तेवढाच धूर आहे, फक्त कालवा ओलांडून गेलाय.

तोफैल साहेबांना दाखवला. म्हणाले, “आपल्याला बक्षीस मिळायला हवं. आपल्याइतका कार्बन कुणी कमी केलाय?” आणि हसत सुटले. खांदे हलत होते. मग ते हसू राहिलं नाही.

२ जुलै

मासूदचा निरोप, हेलालभाईमार्फत. “तुमच्या बहिणीला म्हणावं, या. आमचे आकडे कच्चे दिसतात. खरं काय ते माहीत असलेलं माणूसच खोटं नीट लिहितं.”

भाई सांगताना जमिनीकडे बघत होता. मी जेवण अर्धं टाकून उठले.

घराचं भाडं थकलंय. भाबी मागत नाही. तिने तिच्या बांगड्या मात्र काढल्यात.

१५ जुलै

रुजू झाले.

४ ऑगस्ट

मासूदचे आकडे मी भरून पाठवले. कुठे तरी अडकतील, अनिका तरी ओरडेल, अशी आशा होती.

अनिकाचा फोन आला. “आकडे छान आहेत.”

मग हळूच म्हणाली, “हिवाळ्यातच असे पाठवायचे होतेस ना, मुनीरा.”