नमुना क्रमांक एकोणचाळीस

३ जून
आले एकदाची. ताई मावशीकडे वाढली, मी आईकडे. वीस वर्षांनी आम्ही सख्ख्या बहिणी एका छपराखाली. खाली तिची शिलाई मशीन, वरची खोली माझी. मी येणार म्हणून तिनं नवे पडदे शिवलेत. नोकरीही पक्की झाली, प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायची. उंदरांची दाई, म्हणत ताई हसून लोळली.

५ जून
डॉक्टरबाईंनी काम समजावलं. मेंदूतल्या पेशींच्या पातळ आवरणात एक प्रथिन रुतून बसलेलं असतं, शेंडा तेवढा बाहेर. ते बनवणारं जनुक इथल्या उंदरांतून काढून टाकलंय. त्यानं काय बिघडतं ते बघायचं. तुलनेसाठी नव्या माणसांची थुंकीही घेतात, सकाळी उपाशीपोटी. नळी घरी दिली होती, पण मी मेली उठल्याबरोबर चहा ढोसून बसले. मग ताईनंच भरून दिली. सख्ख्याच तर आहोत, काय फरक पडतो म्हणाली. मलाही पटलं. नळीवर माझं नाव, क्रमांक एकोणचाळीस.

१६ जून
लहानपणीच वेगळ्या केलेल्या सख्ख्या माद्या आज एका पिंजऱ्यात सोडल्या. आधी एकमेकींना हुंगलं, बराच वेळ अंग चाटलं. मला भरून आलं. तासाभरात एकीनं दुसरीचं नरडं फोडलं, डोळे खाल्ले आणि मिशा पुसत बसली. परकी मादी आत टाकली, तिच्या वाटेलाही गेली नाही. सातही पिंजऱ्यांत तेच. रक्त पुसून पुसून माझे हात आखडले.

२४ जून
माझे तीन कुर्ते गळ्याशी उभे कापलेले. ताई म्हणते, दुपारी झोपेत तूच माझी कात्री घेतलीस, हाक मारली तर ओळखही दिली नाहीस. मला काहीच आठवत नाही. मानेवर खोल ओरखडे आहेत. तेही माझेच म्हणे.

२ जुलै
निकाल आला. एकोणचाळीसमध्ये ते जनुक नाहीच. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी सख्खं कोण आहे. कोणी नाही म्हणाले, नाहीतर आम्हाला पुन्हा वेगळं करतील. खोटं कळून नोकरी गेली तर जाऊ दे. माझ्या हातून ताईला काही झालं तर मी कशी जगू.

३ जुलै
ताईला सगळं सांगितलं. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. मीच हट्ट धरला, मला वर कोंड, किल्ली तुझ्याकडे ठेव. बाहेरून कुलूप लागलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

४ जुलै, सकाळ
खाली ताई कात्रीला धार लावतेय. केव्हाची. मशीनचा आवाज नाही.

दुपार
ताई दाराशी आली. फटीतून मला हुंगलं — बराच वेळ — मी दाराखालून बोटं सरकवली, तिनं धरावीत म्हणून. तिनं आधी ती चाटली. मग कात्री —
दोन पेरं गेली. डाव्या हाताची. उशीचा अभ्रा गुंडाळलाय, थांबत नाही.

चहा. त्या सकाळी मी चहा प्यायले होते. ती थुंकी माझी नव्हतीच —
किल्ली तिच्याकडे. मीच दिली.

कुलूप निघतंय. हाक मारते. ताई, मी आहे गं, तुझी सख्खी —