राजदीपचा हात

पिंप्राळा, जळगाव
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आधारनाना यांना रत्नाचा सविनय जयभीम.

इकडे मी बरी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? धुळ्यात थंडी फार पडली असं पेपरात वाचलं. अक्कांनी पाठवलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची भाकरी रोज होते, त्यांना सांगा.

फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र लिहिते.

गुरुवारी तुम्ही मशीन न्यायला अभिमनला टेम्पो देऊन पाठवलंत. मी लेथवर पेनाचा दगड कातत होते. तो दारातून म्हणाला, "वहिनी, नानानी सांगेल शे, मशीन लई ये." मी म्हटलं, "मशीन चालू शे, तुले दिखस नही का?" त्याने बंद करायला हात पुढे केला, तर मी आडवी उभी राहिले. बिचारा पायरीवर बसला, चहा प्यायला आणि रिकामा गेला. त्याच्यावर रागावू नका.

हे गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "दगडाचे पेन करणारा माझ्या भावाचा हात गेला. आता ते मशीन ठेवून काय करायचं? बाईमाणसाचा पदर अडकला म्हणजे?" आणि परस्पर गिऱ्हाईकाला शब्दही देऊन बसलात. मी तेव्हा गप्प राहिले ते तुमच्या मानासाठी नाही, मीही कुणाला शब्द दिला होता म्हणून.

नाना, ह्यांचे हात चार वर्षांपासून कापत होते. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. नरडाण्याच्या कारखान्यातली टर्नरची नोकरी "कंटाळा आला" म्हणून सोडली, असं तुम्हाला सांगितलं ते खरं नव्हतं. घरी लेथ आणून पेन करायला घेतले, पण तेही जमेना. हा शंखजिऱ्याचा दगड मऊ, नखानेसुद्धा ओरखडा उठतो. पेनाइतका बारीक केला की हत्यार जरा जास्त टेकलं तरी फुटतो. एका सकाळी सलग तीन फुटले. हत्यार माझ्यापुढे करून म्हणाले, "तू धर."

मी धरलं. सुरुवातीला माझेही फुटायचे. हे शेजारी स्टुलावर हात मांडीखाली दाबून, डोळे मिटून बसायचे. फुटण्याआधी दगडाचा आवाज बदलतो. "थांब," म्हणायचे, "ऐक." पुढे मलाच ऐकू येऊ लागलं. मग ते नुसते बसायचे.

तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, त्या समारंभात खिशातला हिरवट पेन वर धरून सगळ्यांना दाखवलात. "माझ्या भावाच्या हातचा. असा हात पुन्हा होणे नाही." हे पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. मी मागे बायकांत टाळ्या वाजवत होते.

तो पेन मी केलाय, नाना. भोक पाडून पितळी नळी बसवण्यापासून मेणाच्या पॉलिशपर्यंत. गेली तीन वर्षं ह्या घरातून गेलेला एकेक पेन माझा आहे.

"नानाला कळू देऊ नको," ते म्हणाले होते. "त्याने मला कडेवर घेऊन शाळेत नेलं. त्याच्यापुढे तरी माझे हात धड राहू दे." तो शब्द मी आज मोडला. लिहिताना रडू आलं, खोटं सांगत नाही. तुम्ही मशीन विकायला काढलं नसतं तर जन्मभर बोलले नसते.

आणि पदर अडकत नाही. मी ह्यांचा जुना शर्ट घालते, केस घट्ट बांधते, धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं लावते.

मेहरूणच्या एका शाळेने निरोपसमारंभासाठी पेन सांगितलेत. डबीवर कारागिराचं नाव काय छापायचं, असं तिथल्या बाईंनी विचारलं. आजवर मी राजदीप तायडे सांगत आले. परवा माझं सांगितलं.

तुम्हाला राग येईल. येऊ द्या. मनात शंका असेल तर एक दिवस या, शेजारी बसून बघा, जेवूनच परत जा. मात्र मला परवानगी द्यायला येऊ नका, ती मी मागितलेली नाही. गिऱ्हाईकाला दिलेला शब्द तुमचा तुम्ही परत घ्या. मशीन जागचं हलणार नाही.

अक्कांना जयभीम.

तुमची भावजय आहेच, राहीन.
सही मात्र यापुढे अशी:

रत्ना तायडे
पेन कारागीर