खिडकीतले कुत्रे

नॉर्डबी, ५ ऑक्टोबर १८९८

चि. सोन्निक यास केर्स्टीनताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. गावातली आणखी दोन शिडाची जहाजं विकली गेली. समोरच्या एसबियर्गच्या आगबोटींपुढे आपल्याला कोण विचारतो? तिथल्या फेरीबोटीवर तुझ्यासाठी शब्द टाकलाय. ही शेवटची सफर, असं तू आईला कबूल केलंयस.

तू निघालास तेव्हा तिने खिडकीतल्या चिनी मातीच्या कुत्र्यांची तोंडं समुद्राकडे केली, ती तशीच आहेत. तू परतलास की ती आत वळवायची. बाबा परतलेच नाहीत, त्यांच्या वेळी ते राहूनच गेलं, म्हणून आई रोज त्यांच्यापाशी बसते. शेजारची मेटे तुझी चौकशी करते, अगदी सहज म्हणे.

लोभ असू दे, आळस नको.
केर्स्टीन

हल बंदर, २ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कोळसा भरून झाला, उद्या निघतो. फेरीबोटीवर बायकांच्या कोंबड्या वाहीन म्हणून हसू नकोस, मला आता तेच हवंय. मेटेला सांग, निरोप मी स्वतःच घेऊन येतोय.

मी घरात पाय टाकल्याशिवाय आईला कुत्रे वळवू देऊ नकोस. बाबा त्याला अपशकुन म्हणायचे.

आहे तो लोभ वाढव, आणि मासे भाजून ठेव.
तुझा सोन्निक

नॉर्डबी, ८ नोव्हेंबर

चि. सोन्निक यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. हे एसबियर्गच्या धक्क्यावर पाठवतेय, जहाज लागताच मिळेल.

रविवारी सकाळी बघते तर कुत्रे आत वळलेले. आई म्हणाली, मी हात लावला नाही, सोन्निक आलाय. दाराशी फरशी ओली होती. तुझं बजावणं आठवून मी ते पुन्हा समुद्राकडे केले. सोमवारी तेच. पुन्हा फिरवले, आईवर ओरडले, तिने तुझं ताट मांडलं होतं तेही उचललं. मेटे केक घेऊन आली, तिलाही दारातूनच परत पाठवलं. मला भीती वाटते रे. दोन ओळी खरड.

लोभ आहेच, जीव मात्र थाऱ्यावर नाही.
केर्स्टीन

नॉर्डबी, १४ नोव्हेंबर

सोन्निक,

'चि.' लिहायला हात धजला नाही. तार आली. शनिवारी रात्रीच वादळात जहाज बुडालं, कुणी वाचलं नाही.

म्हणजे रविवारी तू घरी आला होतास, आणि मी तुला दोनदा बाहेर काढलं.

आता मीच रोज कुत्रे आत वळवून ठेवते. सकाळी बघावं तर ते समुद्राकडे तोंड करून असतात. फरशी कोरडी असते. आईने ताट मांडलंय, मेटे येऊन बसलीय.

रागावून नव्हतं रे काढलं. ताईवर लोभ असेल तर आत ये.
केर्स्टीन