कुंकवाचा पंचम

॥ श्री ॥
धुळे, ६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नूतन हिस गिरधरनानांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

एस.टी.च्या पार्सलने पाठवलेला पत्र्याचा डबा मिळाला असेल. आपल्या बँडचं सगळं नोटेशन त्यात आहे. मार्च, वरातीच्या चाली, आणि तळाशी तुझ्या आबांनी लिहिलेली पाठवणीची चाल. ती मुद्दाम वेगळी बांधली आहे.

कारण सांगतो. माझ्या नातीचं, डिंपलचं लग्न १२ डिसेंबरला सोनगीरला. तिच्या बापाने, म्हणजे आपल्या योगराजने, डीजे ठरवून टाकला. पण पोरगी आजोबांवर गेलेली. पाठवणीला डीजे वाजला तर मी गाडीतच बसणार नाही, म्हणाली. तेव्हा बँड हवा, आणि माझ्या दादाचीच, म्हणजे तुझ्या आबांचीच चाल हवी.

बँड आता सोनगीरचा सुपडू चालवतो. माणसं चलाख, पण नोटेशनची एक ओळ कोणाला वाचता येत नाही. मोबाइलवर ऐकतात आणि वाजवतात. मी वाजवून दाखवलं असतं, पण कवळी बसवल्यापासून कॉर्नेटमधून नुसती हवा येते. दिवाळीत तू म्हणालीस, कागद कॉम्प्युटरला दिला की तो स्वतःच वाजवतो. बघू या तुझा कॉम्प्युटर.

तुझ्या पाठवणीला दादा ही चाल वाजवायला उभा राहिला आणि निम्म्यावर त्याचे ओठ थरथरू लागले. कॉर्नेट खाली आली ती आलीच. पुढे त्याने ती कोणाला वाजवू दिली नाही. तिचा शेवट तू ऐकलेला नाहीस, तुझ्या आईने, आमच्या वहिनींनीही नाही. मला कागदावरून ठाऊक आहे, पण ते पत्रिका वाचून लग्नाचं जेवण चाखल्यासारखं. वहिनी ऐंशीला टेकल्या. त्यांनी ती एकदा पुरती ऐकावी, एवढीच माझी इच्छा आहे.

फोन कर म्हणशील. पण फोनवर मी ओरडतो आणि घरच्या बातम्या गल्लीला कळतात. पत्रच बरं.

वहिनींना नमस्कार, आणि तुझा राग असेल तर तोही पत्रातच पाठव.
तुझे,
गिरधरनाना

जळगाव, १७ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप नानांस, नूतनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

डबा मिळाला. उघडल्यावर अख्ख्या घरात कापराचा वास सुटला. शाळेच्या स्कॅनरवर एकेक कागद काढला आणि त्या ऑनलाइन नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. आठवीची मुलं बासरी घेऊन दारात, आणि त्यांच्या संगीताच्या बाई कागद पुसत बसलेल्या!

पण नाना, ही कसली वाजवण्याची रीत? तुमच्या प्रत्येक चालीची सुरुवात एका किंचाळीने होते. वर, एकदम वर, एकच सूर. वरातीच्या मार्चला तर दोन सूर एकदम, शेजारणी भांडल्यासारखे. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही आबांची खासियत असणार. मी कौतुकाने दोन बायकांना ऐकवलंसुद्धा. एक म्हणाली, छान आहे, आणि लगेच उठून गेली.

शिवाय कॉर्नेट आणि त्या जाड आवाजाच्या युफोनियमचं अजिबात पटत नाही. कॉर्नेट सबंध चालभर एक स्वर वर. पाठवणीची चाल असली वाजली तर डिंपल खरंच गाडीत बसायची नाही. आईला अजून काहीच ऐकवलेलं नाही. ती रोज विचारते, झालं का ग. मी रोज नेट बंद आहे म्हणून सांगते. खोटं बोलायला मला आवडत नाही, तेव्हा लवकर उपाय कळवा.

आईचे गुडघे ठीक आहेत, जीभ त्याहून ठीक आहे.
उत्तराची आणि मायेची वाट पाहणारी,
नूतन

धुळे, २२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. नूतन हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतका हसलो की कवळी हातात घ्यावी लागली. अगं, बापाची खासियत नव्हे, ते तुझ्या आईचं कुंकू आहे!

दसऱ्याला आपल्याकडे वाद्यांची पूजा असायची, विसरलीस का? पाटावर कॉर्नेट, क्लॅरिनेट, ढोल, आणि त्यांच्यापुढे नोटेशन. वहिनी प्रत्येक कागदाला बोट टेकवायच्या, डाव्या कोपऱ्यात, पहिल्या ओळीपाशी. दर दसऱ्याला वेगळे कागद असायचे, फक्त पाठवणीची चाल दरवर्षी; मार्च दोनदा मांडला गेला असेल, म्हणून त्याला दोन टिळे. तुझ्या स्कॅनरने लाल ते काळं केलं आणि तुझ्या हुशार यंत्राने कुंकवाचे सूर केले. देवाला वाहिलेलं त्याने वाजवून दाखवलं. खुशाल पुसून टाक.

भांडणाचं कारणही साधं आहे. आपली कॉर्नेट बी-फ्लॅटची. कागदावर सा लिहिला की ती एक स्वर खालचा वाजवते. यंत्राला ती पेटी वाटली असेल, म्हणून लिहिलंय तसं वाजवतं. त्याला कॉर्नेटची जात सांग, गप्प बसेल.

दादा गेल्यापासून वहिनी पूजेच्या पाटाला हात लावत नाहीत. आपल्यात तशीच रीत, मीही कधी बोललो नाही. तेव्हापासून कागदांवर मी फक्त फूल ठेवतो. हे आज तुझ्या पत्रामुळे आठवलं आणि थोडं लागलं.

सुपडू रोज फोन करतो. घाई कर. आशीर्वाद मुबलक आहेत, दिवस तेवढे थोडे आहेत.
गिरधरनाना

जळगाव, ३० नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप नानांस साष्टांग नमस्कार.

जमलं! कॉर्नेटची जात सांगितली, भांडण मिटलं. टिळे पुसले. फक्त पाठवणीच्या चालीचा राहिला होता. तिथे दरवर्षी त्याच जागी बोट टेकून जाड ठिपका झालाय, आणि तो पाच रेषांतल्या सर्वांत वरच्या रेषेच्या नेमका डोक्यावर बसलाय. म्हणजे पंचम.

तो पुसण्याआधीच आई स्वयंपाकघरातून मेथीची जुडी घेऊन आली आणि समोर बसली. मग मी तशीच वाजवली. आधी तो एकटा पंचम, मग आबांचा षड्ज, आणि चाल सुरू. जिथे आबा थांबले होते ती जागा आली. यंत्राला काय त्याचं! ते पुढे गेलं. चाल खाली खाली उतरते, संपली वाटते, आणि अगदी शेवटी पहिलीच ओळ हळूच परत येते. नाना, मी रडले. आईने मेथी निवडायची थांबवली आणि म्हणाली, “पोर वळीसन देखस ना, तसं शे.” मुलगी जाता जाता वळून पाहते, तसं.

मग मी तिला सांगितलं की पहिला सूर तिच्या कुंकवाचा आहे. ती इतकी लाजली! म्हणाली, “काढी टाक ते. त्यासनी चाल शे, मन्हं काय काम?” चाल त्यांची, तिथे माझं काय काम, म्हणे. मी तिच्यादेखत काढला. आता चाल अगदी कागदासारखी आहे, पण मला ती दार न वाजवता घरात शिरल्यासारखी वाटते. बँडमास्तर तुम्ही. ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. ऐकायच्या दोन्ही प्रती मोबाइलवर पाठवल्या आहेत.

आईला यातलं काही कळवू नका. ती ओरडेल, आणि ते मलाच ऐकावं लागेल.
तुमच्या निकालावर विसंबलेली,
नूतन

धुळे, १६ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप वहिनींस गिरधरचा साष्टांग नमस्कार. हे पत्र नूतनने मोठ्याने वाचावं, मधलं काही गाळू नये.

लग्नाच्या गर्दीत तुमच्याशी धड बोलणं झालं नाही. तुम्ही मांडवाच्या दाराशी खुर्चीवर होतात, मी सुपडूच्या माणसांमागे. तुम्हाला न विचारता एक गोष्ट केली, ती सांगायला हे पत्र.

तुम्ही काढायला लावलेला सूर मी परत घातला. झुलाल कॉर्नेट वाजवतो, त्याला म्हटलं, डिंपल उंबऱ्याशी येईल तेव्हा पंचम एकट्यानेच धर, तिचं पाऊल उचलेपर्यंत सोडू नकोस. बाकीच्यांनी तोवर गप्प राहायचं. तुम्ही पाहिलंतच, डीजेवालासुद्धा वायर गुंडाळायचा थांबला. मग दादाची चाल आली आणि शेवटपर्यंत गेली. योगराज हुंदके देत होता. मुलीच्या बापाने कॉर्नेट हातात घेऊ नये, हे मला तेव्हा पटलं.

दादा आयुष्यभर वाजवत राहिला आणि तुम्ही आयुष्यभर कुंकू लावत राहिलात. आपल्या घरात बायकांनी वाद्याला तोंड लावायचं नाही, ही रीत. तुमचा एक तरी सूर त्याच्या चालीत आहे, याचा मला फार आनंद झाला. सुपडू म्हणतो, आता ही चाल तो अशीच वाजवणार.

नूतनने नवे कागद छापून दिलेत, पांढरे स्वच्छ. येत्या दसऱ्याला मी तुम्हाला धुळ्याला घेऊन येणार. पूजा तुम्हीच करायची, आणि कुंकूही तुम्हीच लावायचं. कोणी काही म्हटलं तर माझ्याकडे पाठवा. फक्त बोट जरा जपून टेकवा, वहिनी, हे यंत्र सगळं वाजवतं.

तुमच्या पायाशी,
गिरधर